ओल्या फडक्याचं वय

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एका तरुण सुनेनं घरच्या घरी ओले वाइप्स कसे करायचे ते करून दाखवलं. कागदी रुमालांचा गुंडाळा सुरीनं मधोमध कापला, डब्यात उभा ठेवला. वरून कोमट पाणी, दोन चमचे खोबरेल तेल, बाळाच्या साबणाचं थोडं पाणी आणि वासाला गुलाबपाणी ओतलं. झाकण लावून डबा उलटसुलट हलवला. "झालं काकू. यात्रेला न्या, बाळाला वापरा, महिनाभर बघायला नको." बायकांनी भराभर कृती उतरवून घेतली. बाजारच्या पाकिटाचे पैसे वाचणार, वर घरचं म्हणून समाधान. निघताना कुणीतरी मला म्हणालं, "तुम्ही काहीच कसं बोलला नाही?" मी म्हटलं, "लिहून देते."

लिहून द्यायचं कारण असं, की त्या डब्याचा इतिहास बराच लांबून आलेला आहे, आणि त्यातला एक तुकडा माझ्या घरात घडलेला आहे. तो चारचौघीत तोंडी सांगताना माझा आवाज नीट राहिला नसता.

आमच्या बेळगावकडच्या जैन घरांत काळ मोजायची एक जुनी सवय आहे. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी येतो. त्यामुळं "थोरल्याचं लग्न अभिषेकाच्या आदल्या वर्षी", "घर बांधलं ते अभिषेकानंतर" असं बोललं जातं. मी चार अभिषेक पाहिले: १९८१, १९९३, २००६ आणि २०१८. आता मागं वळून बघते तेव्हा लक्षात येतं, की दर वेळी माझ्या पिशवीत तोंड-हात पुसायला वेगळी वस्तू होती. तेवढ्यावरूनसुद्धा एक इतिहास सांगता येतो.

१९८१ ला मी अकरा वर्षांची होते. मूर्तीच्या प्रतिष्ठेला हजार वर्षं झाल्याचा तो सोहळा. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली, ते आमच्या गल्लीत पुढं वर्षभर सांगितलं जात होतं. मला मात्र आठवते ती आज्जीची पिशवी. तिच्यात एक फिरकीचा तांब्या होता. त्यात सकाळी गाळून, उकळून गार केलेलं पाणी. आणि एका स्वच्छ पंच्यात बांधलेला कोरड्या फडक्यांचा गठ्ठा. आमच्या शहापूरच्या मागावरची एक जुनी साडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तिचे वीतभराचे चौकोन कापून आज्जीनं कडा दुमडून टाके घातले होते. बसमध्ये धूळ उडाली, कुणाला उलटी झाली, केळ्यानं हात चिकट झाले की आज्जी तांब्याची फिरकी फिरवायची, फडक्यावर ओंजळीभर पाणी घ्यायची, पिळायची आणि पुसायची. वापरलेलं फडकं वेगळ्या पिशवीत. मुक्कामाला पोचलं की आधी ती धुऊन दोरीवर, मग जेवण.

मी विचारलं होतं, "आज्जी, घरातनंच भिजवून आणली असती तर?"

"ओलं फडकं बांधून कोण नेतंय गं? दुपारपर्यंत वास मारतंय. ओल्याला वय असतंय."

त्या वाक्यामागं काय होतं ते कळायला मला पुढची चाळीस वर्षं लागली.

आपल्याकडं पाणी गाळायचे नियम किती बारीक आहेत ते वाचकभगिनींना सांगायला नकोच. पण नव्या मुलींसाठी लिहिते. गाळायचं कापड जाड, सुती, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद. ते दुहेरी करून वापरायचं. गाळून झाल्यावर कापडाच्या वरच्या अंगाला राहिलेले जीव गाळलेल्याच पाण्यानं हलके उतरवायचे आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. नुसतं गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं. लवंगेसारखं काही घालून प्रासुक केलेलं सहा तास. चांगलं उकळलेलं २४ तास. त्यापुढं ते पुन्हा बिनगाळल्यासारखंच. लहानपणी मला हे सगळं कटकटीचं वाटायचं. पण यातली एक गोष्ट नीट बघा: पाणी शुद्ध केलं की ते कायमचं शुद्ध झालं, असं आपल्याकडं कुणीच म्हणालं नाही. शुद्धीला घड्याळ लावलं. आज्जीनं तेच घड्याळ फडक्यालाही लावलं होतं.

पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, हे भिंगातून बघून पहिल्यांदा सांगितलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या माणसानं, १६७० च्या दशकात. गंमत म्हणजे तो कापडाचा व्यापारी होता. कापडाचे धागे तपासायला व्यापारी भिंगं वापरत. याला भिंगं घासायचा नाद लागला आणि धागे सोडून तो तळ्याच्या पाण्याचे थेंब बघत बसला. पाणी आणि कापड यांची गाठ तिथंही पडली.

कापडाची आणखी एक कहाणी आपल्या जवळच्या देशातली आहे. बांगलादेशात पटकीनं माणसं मरायची. रिटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या बायकांना जुनी सुती साडी चार वेळा दुमडून तिच्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या गावांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. नव्यापेक्षा वापरून जुनी झालेली साडी जास्त उपयोगी, कारण धुऊन धुऊन तिचे तंतू सुटतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. हे वाचून मला आज्जीच्या मऊ साडीची आठवण आली नसती तरच नवल. पण इथं एक मोह आवरायला हवा. आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक होतं, असं काही यावरून म्हणता येत नाही. सुटा जंतू साडीतून आरपार जातो. पटकीचे जंतू पाण्यातल्या ज्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव साडीत अडकतात. आपला नियम निघाला तो जीव वाचवायला. आजार टळला ते वर मिळालेलं. तरी नियम पाळणारीच्या घरात दोन्ही गोष्टी झाल्या, हेही खरंच.

ओलं फडकं ही काही फक्त आपली गोष्ट नाही. जपानात पाहुणा आला, की पिळलेला ओला रुमाल आधी हातात देतात. त्याला 'ओशिबोरी' म्हणतात. त्यातल्या मूळ क्रियापदाचा अर्थच 'पिळणे'. जुन्या काळी प्रवासी धर्मशाळेत पोचले की यजमान पाण्याची बादली आणि रुमाल ठेवायचा. युरोपात १७०९ साली कोलोन शहरात योहान मारिया फारिना यानं एक सुगंधी पाणी काढलं. तेच आपलं कोलनवॉटर. माझ्या आईच्या कपाटात त्याची बाटली कायम असायची. ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या. त्यातलं अल्कोहोल भरकन उडतं म्हणून कपाळ गार पडतं, आणि त्याच अल्कोहोलमुळं बाटली वर्षानुवर्षं नासत नाही. पण आईसुद्धा घडी भिजवायची ती त्या घटकेला. भिजवून ठेवलेली घडी मी कधी पाहिली नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली रुग्णसेवेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात अंगाच्या स्वच्छतेवर एक वेगळं प्रकरण आहे. आजाऱ्याचं अंग पुसणं हे औषधाइतकंच काम आहे, असा त्यांचा रोख. बायका हे घरोघरी करतच होत्या, पण त्याला काम म्हणून मान देऊन पुस्तकात आणलं ते त्यांनी. आज्जीची पिशवी, जपानी बादली, आईची बाटली, नाइटिंगेलबाईंचं तस्त, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. कापड कोरडं, पाणी वेगळं, आणि दोघांची भेट वापराच्या क्षणी.

१९९३ च्या डिसेंबरातल्या अभिषेकाला मी सासूबाईंबरोबर गेले. त्यांना घरात सगळे अक्का म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले होते. माझ्या कडेवर सहा महिन्यांची लेक. आमच्या पेठेत तेव्हा लहान मुलांच्या वाइप्सची पाकिटं काही पाहिल्याचं आठवत नाही. अक्कांनी दोन कापडी पिशव्या शिवल्या होत्या, लाल काठाची कोऱ्या फडक्यांना आणि निळ्या काठाची वापरलेल्यांना. "रात्री अंधारात चाचपडताना चूक व्हायला नको," म्हणून निळ्या पिशवीला गाठ आणि लालला नाडी. त्या गर्दीत, थंडीत, लेकीला एकदाही पुरळ आलं नाही. फडकी मात्र रोज पहाटे अक्का धूत होत्या आणि मी वाळत घालत होते. हे विसरू नका. पुढं याच मुद्द्यावर यायचंय.

बाजारातला ओला रुमाल जन्मला तो अमेरिकेत. आर्थर ज्युलियस नावाचा सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातला एक माणूस होता. १९५७ साली त्यानं सूपचे छोटे भाग करून भरायचं एक यंत्र घेतलं आणि न्यूयॉर्कमधल्या एका माळ्यावर त्यात फेरफार करून ओल्या कागदी रुमालाची बंद पुडी तयार केली. पुढच्या वर्षी त्याचं नाव नोंदवलं, 'वेट-नॅप'. त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं १९६३ साली, तळलेली कोंबडी विकणारे कर्नल सँडर्स. त्यांच्या खाणावळीत लोक हातानं खायचे, हात तुपकट व्हायचे, आणि शेजारी नळ नसायचा. म्हणजे आज यात्रेच्या पिशवीत, देवळाच्या पायरीवर आपण जे पाकीट उघडतो, त्याचं पहिलं मोठं नशीब उघडलं ते अशा दुकानात, ज्याचं नाव आमच्या स्वयंपाकघरात निघत नाही. मला याचं हसू येतं. वस्तूंना धर्म नसतो. आपण तिला कशासाठी वापरतो त्यालाच असतो.

पुढं १९९० च्या सुमाराला परदेशातल्या मोठ्या दुकानांत लहान मुलांचे वाइप्स पसरले, मग तोंडाचे, मग भांड्यांचे, फरशीचे, आणि बायकांच्या नाजूक जागेचेसुद्धा. या रुमालाला आपण कागद म्हणतो, पण तो बहुतेक वेळा कागद नसतो. पॉलिएस्टरचे आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोजचे तंतू पाण्याच्या बारीक, जोरदार धारांनी एकमेकांत गुंतवून त्याची चादर करतात. ना माग, ना विणकर. आमच्या शहापूर-वडगावकडच्या विणकरांना हे सांगितलं तर ते म्हणतील, याला कापड कशाला म्हणायचं? त्या चादरीवर जे पाणी शिंपडतात, ते त्या द्रवात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. आता विचार करा, पाण्यात भिजलेली चादर, बंद पाकिटात, दुकानाच्या फळीवर वर्ष-दोन वर्षं. तिला बुरशी का धरत नाही?

याचं उत्तर पाकिटाच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. त्यात परिरक्षक घातलेले असतात, लोणच्यात मीठ-तेल असतं त्याच कामाचे, पण लोणच्याच्या मिठासारखे साधे नव्हेत. त्यातला एक, मिथाइलआयसोथायाझोलिनोन. नाव वाचताना जीभ अडखळते. पूर्वीच्या एका परिरक्षकाविषयी लोकांच्या मनात भीती बसली, म्हणून हा वाढला. मग या पदार्थानंच लोकांच्या हातांना, लहान मुलांच्या पार्श्वभागाला पुरळ येऊ लागलं. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनं त्याला त्या वर्षीचा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केलं. युरोपनं पुढं त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याच्यावर बंदी घातली. सगळ्याच पाकिटांत तो असतो असं नाही, आणि सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही. पण ओल्याचं वय वाढवायचं तर कुठंतरी किंमत मोजावी लागते, एवढं त्यातून कळतं.

दुसरी किंमत दिसली लंडनमध्ये. २०१७ साली तिथल्या व्हाइटचॅपल भागात जमिनीखालच्या गटारात एक गोळा सापडला, सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा. सिंकमध्ये ओतलेलं तेल-तूप आणि संडासात टाकलेले ओले वाइप्स यांचा दगड झालेला. कामगारांना तो फोडून काढायला आठवडेच्या आठवडे लागले, आणि पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेत ठेवला. आपल्या काळाचा शिलालेखच म्हणायचा. आज्जीच्या फडक्याचा शेवट कसा झाला होता माहीत आहे? फाटल्यावर ते पाटा-वरवंटा पुसायला गेलं, मग दिव्याच्या वातीला.

२००६ ला माझ्या नणंदेनं मुंबईहून पहिलं पाकीट आणलं. बसमधल्या सगळ्या बायकांनी एकेक रुमाल घेऊन आधी वासच घेतला. २०१८ ला लेकीनं माझ्या पिशवीत तीन पाकिटं टाकली. सहाशेच्यावर पायऱ्या अनवाणी चढून उतरल्यावर त्या थंडगार रुमालानं पाय पुसताना जे सुख झालं ते मी नाकारत नाही. फक्त परत येताना बसमध्ये पायांखाली वापरलेल्या रुमालांचा जो ढीग झाला होता, तो उचलताना अक्का नुसत्या बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

आता माझ्या घरातला तुकडा.

२०१९ च्या मे महिन्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड. अंथरुणावरच सगळं. सुरुवातीला आम्ही बाजारचे वाइप्स वापरले. महिन्याभरात कमरेखाली लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, म्हातारी कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. वासाचे रुमाल बंद करा, साध्या पाण्यानं पुसा, कोरडं करा. मी घरी आले आणि शहाणपणा केला. म्हटलं, बाजारचं वाईट तर घरचं चांगलं. मोबाईलवर कृती सापडली, बरीचशी आपल्या मंडळात दाखवली तशीच. मी कागदाऐवजी जुन्या साडीचे चौकोन घेतले, एवढाच फरक, आणि त्याचाच मला अभिमान. साठ फडकी, उकळलेलं पाणी, खोबरेल तेल, थोडा तुळशीचा रस. स्टीलच्या डब्यात भरून पलंगाजवळ ठेवली. धावपळ वाचली. आठवडाभर पुरली, मग उरलेल्यांवर थोडं पाणी घालून आणखी चार दिवस.

जुलै महिना होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चपला कपाटात हिरव्या होतात. दहाव्या-अकराव्या दिवशी रात्री मी अक्कांना कुशीवर वळवून पाठ पुसत होते. त्यांनी मान थोडी फिरवली आणि विचारलं, "कवाचं पाणी गं हे?"

मी डबा नाकाशी नेला. आंबूस वास. तळाच्या फडक्यांवर काळे ठिपके. रोज त्याच डब्यातून वरचं फडकं काढत होते, म्हणून दिसले नव्हते. कमरेजवळ कातडी जिथं थोडी सोलवटली होती, तिथं दोन दिवसांत पू झाला. ती जखम भरायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात अक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ज्या बाईनं माझ्या लेकीसाठी लाल-निळ्या पिशव्या शिवल्या, तिच्या जखमेवर मी कुजलेलं पाणी फिरवत होते, आणि मनात म्हणत होते, घरचं आहे, शुद्ध आहे.

अक्का पुढच्या वर्षी गेल्या. जखम तोवर भरली होती. पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला.

मग मी वाचत बसले, डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते साधं आहे. पाणी, तंतू आणि ऊब एकत्र आली की जीव उत्पन्न होतात. तेल, साबण, साखर असेल तर त्यांना जेवणही मिळतं. खोबरेल तेल, गुलाबपाणी, तुळस, कडुनिंब, कोरफड यांनी डबा टिकत नाही; उलट त्यातल्या काही गोष्टींनी लवकर नासतो. ओलं फडकं टिकवायचे तीनच रस्ते. एक, त्यात जीव मारणारं औषध घालणं, जे कारखाना करतो. दोन, ते कोरडं ठेवणं. तीन, मर्यादेच्या आत वापरून संपवणं. मी कारखान्याची नक्कल केली, पण औषध घातलं नाही. आज्जीचं कापड घेतलं, पण तिचं घड्याळ घेतलं नाही. दोन्हीकडचं वाईट तेवढं माझ्या डब्यात जमलं.

तत्त्वार्थसूत्रात जन्माचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातला एक सम्मूर्च्छन. आजूबाजूची द्रव्यं जमून जिथल्या तिथं होणारा. स्वाध्यायात कितीदा ऐकलं, पण माझ्या डब्याशी त्याचा संबंध आहे हे सुचलं नाही. औषध घालून जीव मारण्यापेक्षा फडकं उन्हात खडखडीत वाळवून ते होऊच न देणं, हे आपल्या विचाराला जवळचं. आणि तेच कातडीलाही सोसणारं.

माझ्या लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, सगळं खरं. पण धुणार कोण?" हा प्रश्न मी टाळणार नाही. आज्जीची फडकी आज्जीनं धुतली, अक्कांची अक्कांनी आणि मी. घरातल्या एकाही पुरुषानं त्या निळ्या पिशवीला हात लावला नव्हता. पाकीट आलं ते त्या कामातून बायकांची सुटका करत आलं, म्हणून ते पसरलं. नोकरी करणाऱ्या, लोकलमध्ये उभ्यानं जाणाऱ्या मुलीला मी पाकीट वापरू नको म्हणणार नाही. फक्त म्हणेन, बिनवासाचं घे, संडासात टाकू नको, आणि नळ असेल तिथं आधी नळ. हात धुवायला साबण-पाण्यासारखं दुसरं काही नाही. आणि घरी फडकी वापरायची असतील, तर निळी पिशवी धुवायची पाळी जावयाचीही असू दे. आमच्याकडं आता असते.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत. जुनी मऊ सुती साडी किंवा पंचा घ्या, वीतभराचे चौकोन कापून कडा शिवा. वीस-पंचवीस पुरतात. साबणानं धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा, कडक उन्हात वाळवा, कोरड्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. निघताना उकळून गार केलेलं पाणी एका छोट्या बाटलीत घ्या. लागेल तेव्हा फडकं ओलं करा, पिळा, पुसा. वापरलेलं वेगळ्या पिशवीत. बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी नको. अगदीच सोयीसाठी आधी भिजवायची असतील, तर अर्ध्या दिवसाला लागतील तेवढीच, धुऊन उकळलेल्या डब्यात, आणि उरलेली संध्याकाळी धुवायला. तेल, अत्तर, साबण काही नको. नाजूक जागेला साधं पाणी पुरतं. पुसताना पुढून मागं. कातडी सोलवटली असेल, जखम असेल, तर घरची कृती आणि बाजारचं पाकीट दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका.

त्या सुनेचा उत्साह मला मोडायचा नाही. तिनं स्वतःच्या हातानं काही करून बघितलं, हे मोलाचं आहे. मी तिला घरी बोलावून अक्कांच्या दोन पिशव्या दाखवल्या. लाल काठ विटलाय, नाडी बदलली आहे. तिनं माप घेतलं. पुढच्या बैठकीला आम्ही दोघी मिळून पिशव्या कशा शिवायच्या ते दाखवणार आहोत. येताना प्रत्येकीनं एक जुनी सुती साडी आणावी. फाटकी असली तरी चालेल, फक्त धुतलेली आणि नीट वाळलेली असावी.